फाइल कोणी उघडावी?

विंडोज प्रणालीच्या संगणकावर एखाद्या छायाचित्रावर दोनदा टिचकी मारावी आणि ते भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडावे, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांस आला असेल. तो बहुधा यंत्राचा बिघाड नसून एका नोंदीचा परिणाम असतो. ती नोंद समजून घेणे अगत्याचे आहे.

बहुतेक फाइलींच्या नावात शेवटच्या टिंबानंतर काही अक्षरे असतात. साध्या मजकुरास टीएक्सटी, छायाचित्रास जेपीजी, तर छपाईयोग्य कागदपत्रास पीडीएफ. हे जणू फाइलचे आडनाव होय. १९८१ च्या एमएस-डॉस प्रणालीत नावास आठ व आडनावास तीनच अक्षरांची मुभा होती. १९९५ च्या विंडोज ९५ ने ही मर्यादा सैल केली. परंतु आडनावाची रीत कायम राहिली. टिचकी मारताच विंडोज फाइलचे अंतरंग तपाशीत बसत नाही. ती केवळ आडनाव पाहते आणि 'रजिस्ट्री' या आपल्या नोंदवहीत त्यापुढे ज्या प्रोग्रॅमचे नाव असेल, त्याच्या स्वाधीन फाइल करते. पूर्वी नव्याने बसविलेला प्रोग्रॅम ही नोंद परस्पर बदलू शके. २०१२ च्या विंडोज ८ पासून अंतिम निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्यात आली.

ही निवड करण्याची रीत सोपी आहे. फाइलवर माउसच्या उजव्या कळीने टिचकी मारावी, 'ओपन विथ' मधील 'चूज अनदर ॲप' निवडावे व इष्ट प्रोग्रॅमवर बोट ठेवावे. निवड कायमची हवी असल्यास विंडोज १० मध्ये 'ऑल्वेज' ने आरंभ होणाऱ्या ओळीच्या चौकटीत खूण करावी. विंडोज ११ मध्ये 'ऑल्वेज' हे बटण दाबावे. सर्व प्रकारांच्या नोंदी 'सेटिंग्ज' मधील 'ॲप्स' व 'डिफॉल्ट ॲप्स' येथे एकत्र पाहावयास मिळतात.

मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. प्रोग्रॅम बदलल्याने फाइल बदलत नाही. तद्वतच आडनाव बदलल्यानेही तिचे अंतरंग बदलत नाही. जेपीजीस पीडीएफ म्हटल्याने छायाचित्राचे कागदपत्र होत नाही. फाइल चुकीच्या प्रोग्रॅमच्या हाती जाते, एवढेच.

या अज्ञानाची किंमत जगाने मे २००० मध्ये मोजली. प्रेमपत्राच्या मिषाने ई-मेलमधून आलेल्या एका फाइलच्या नावाअखेरीस 'टीएक्सटी' व त्यापुढे 'व्हीबीएस' अशी दोन आडनावे होती. विंडोज परिचित आडनावे लपवीत असल्याने अनेकांस केवळ 'टीएक्सटी' दिसले. निरुपद्रवी मजकूर समजून त्यांनी टिचकी मारली. प्रत्यक्षात ती आज्ञावली होती, आणि 'आय लव्ह यू' नावाचा तो उपद्रव लक्षावधी संगणकांत पसरला.

म्हणून फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दिसू द्यावीत. दारी आलेल्या अपरिचिताचे पूर्ण नाव विचारल्यावाचून आपण कडी काढीत नाही. संगणकाच्या दारीही तोच विवेक हवा.