श्तींच्या गावाची दोन कोटी तिकिटं

2 कोटी 5 लाख. 2008 साली फ्रान्समध्ये एकाच विनोदी चित्रपटाची एवढी तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या तेव्हा 6 कोटी 40 लाखांच्या घरात होती आणि वर्षभरात सगळ्या चित्रपटांची मिळून सुमारे 19 कोटी तिकिटं विकली गेली. म्हणजे दर दहा तिकिटांमागे एकाहून थोडं जास्तच या चित्रपटाचं. ‘बिएंव्हन्यू शे ले श्ती’ हे त्याचं नाव (श्ती म्हणजे उत्तर फ्रान्सचे लोक), निर्मितीखर्च 1 कोटी 10 लाख युरो. फ्रेंच चित्रपटांमधला 1 कोटी 72 लाख तिकिटांचा विक्रम 1966 पासून ‘ला ग्रांद व्हाद्रुइ’च्या नावावर होता, तो 42 वर्षांनी मोडला. फ्रान्सच्या सार्वकालिक यादीत आजही त्याच्या वर फक्त ‘टायटॅनिक’ आहे.

आता कमाई बघा. जगभरातून सुमारे 24 कोटी 50 लाख डॉलर आले, त्यातले जवळजवळ चार पंचमांश एकट्या फ्रान्सचे. घरातल्या घरात एवढं काय घडलं?

कथा साधी आहे. दक्षिणेतल्या सालों-द-प्रोवांसचा पोस्टमास्तर फिलिप समुद्रकिनाऱ्यावर बदली मिळावी म्हणून अपंग असल्याचं सोंग करतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून दोन वर्षांसाठी थेट उत्तरेला, बेर्ग या छोट्याशा गावी पाठवला जातो. जाताना महामार्गावर तो इतकी हळू गाडी चालवतो की पोलीस अडवतात. बदली कुठे झाली हे कळल्यावर मात्र कीव येऊन सोडून देतात. दक्षिणेतल्या लोकांच्या मनातला उत्तर भाग असा: थंडी, दारू, बेकारी आणि न कळणारी बोली. यातली बेकारी खोटी नव्हती. तिथली शेवटची कोळसा खाण 1990 मध्ये बंद झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगार गेला.

फिलिपला गाव आवडतं, पण फोनवर तो बायकोला हालअपेष्टाच सांगत राहतो, कारण तिची सहानुभूती त्याला हवीशी वाटते. एके दिवशी ती निघतेच. मग पोस्टातले सहकारी, आपल्याबद्दल काय काय सांगितलं गेलं हे कळून दुखावले असतानाही, त्याची लाज राखायला धावतात. तिला ते बेर्गला नेतच नाहीत. ब्रुए गावातल्या जुन्या खाणकामगारांच्या वस्तीत नेतात आणि हेच बेर्ग असं भासवून दारुडे, रानटी श्ती लोक रंगवून दाखवतात. ज्या कल्पनेने त्यांना हिणवलं गेलं, तिचंच नाटक ते स्वतः वठवतात. सगळा चित्रपट या एका प्रसंगावर उभा आहे. इथे प्रेक्षक श्तींना हसत नाही, त्यांच्याविषयी जे मानलं जातं त्याला हसतो.

हे लिहू शकला तो दानी बून. दिग्दर्शक, सहलेखक आणि पोस्टमन अंतुआनच्या भूमिकेतला नट. जन्म उत्तरेतल्याच आर्मांतिएरचा; वडील अल्जीरियातले, आई उत्तरेचीच. चित्रपट आधी 20 फेब्रुवारीला उत्तरेच्याच नोर-पा-द-काले भागात लागला आणि आठवड्याने देशभर. ज्यांच्यावर तो होता, त्यांनी तो सर्वांत आधी पाहिला. हा क्रम मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आणि पूर्वग्रह काल्पनिक नव्हता. 29 मार्च 2008 ला फुटबॉलच्या लीग कपच्या अंतिम सामन्यात पॅरिस संघाच्या काही समर्थकांनी उत्तरेच्या लांस संघासमोर चित्रपटाचंच नाव वापरून बेकारीवरून आणि त्याहूनही गलिच्छ शिव्या देणारा फलक फडकवला.

घरातल्या घरात मिळालेल्या यशाची हीच गोष्ट स्पेनचे आकडे सांगतात. 2014 च्या ‘ओचो आपेयीदोस वास्कोस’ची सुमारे 95 लाख तिकिटं गेली, साडेचार कोटींच्या देशात पाच माणसांमागे एक. साडेपाच कोटी युरोंच्या आसपास कमाई, जवळपास सगळी स्पेनमधलीच. दक्षिणेतल्या सेव्हिल्याचा मुलगा उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलीच्या बापासमोर बास्क असल्याची बतावणी करतो. आठ बास्क आडनावं सांगायची वेळ आली की प्रसिद्ध बास्क मंडळींची आडनावं एकामागून एक घेत सुटतो. एटा या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेने 2011 च्या ऑक्टोबरात कायमची शस्त्रबंदी जाहीर केली होती. आठशेहून अधिक बळींनंतर अवघ्या अडीच वर्षांत या विषयावर देश एकत्र हसला. लेखक बोर्हा कोबेआगा आणि दिएगो सान होसे, दोघेही बास्क.

अमेरिकेतल्या ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’चा आलेख वेगळा, पण लेखिका तशीच आतली: ग्रीक कुटुंबातली निया वार्डालोस. खर्च 50 लाख डॉलर. एप्रिल 2002 मध्ये 108 चित्रपटगृहांत लागला, पहिल्या आठवडाअखेरीस जेमतेम 6 लाख डॉलर. एकदाही पहिल्या क्रमांकावर न जाता अमेरिकेत 24 कोटी 14 लाखांवर पोहोचला, निव्वळ एकाने दुसऱ्याला सांगून.

पुढच्या भागांनी मात्र निराशा केली. ग्रीक लग्नाचा पहिला भाग जगभरात 36 कोटी डॉलरवर गेला होता. 2016 चा दुसरा 9 कोटींच्या आसपास राहिला आणि 2023 चा तिसरा सुमारे 4 कोटींवर. चार जावई चार वंशांचे, असा घाट असलेला फ्रेंच ‘केस्क ओं ना फे ओ बों दिय’ 2014 मध्ये 1 कोटी 23 लाख तिकिटांवर गेला; 2019 च्या दुसऱ्या भागाला 67 लाख, 2022 च्या तिसऱ्याला 24 लाख. एकदा माणूस ओळखीचा झाला की तोच पूर्वग्रह पुन्हा दाखवून हसू येत नाही, असं मी यातून वाचतो.

कल्पना मात्र प्रवास करते. इटलीने 2010 मध्ये श्तीच्याच कथेची दिशा उलटी करून ‘बेनव्हेनूती आल सूद’ केला. उत्तरेतला पोस्टमास्तर दक्षिणेत नेपल्सच्या पलीकडे कास्तेल्लाबाते गावी जातो. कमाई सुमारे 3 कोटी युरो; छोट्या भूमिकेत खुद्द दानी बून. तरी आधी मूळ श्ती बघा, आणि ब्रुएच्या वस्तीतला प्रसंग बघताना आपल्याच प्रांतातल्या कुणाविषयी आपण काय काय मानून बसलो आहोत, हेही तपासा.