भीमेपलीकडचा बस्ता

लग्न ठरलं, याद्या झाल्या, की सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या कितीतरी घरांत विषय निघतो, "बस्त्याला चडचणला कधी जायचं?" चडचण म्हणजे भीमेपलीकडचं, कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यातलं छोटंसं गाव. पण कापडाच्या पेठेसाठी नाव मोठं.

आता सोलापूर स्वतःच कापडाचं गाव! मग नदी ओलांडायची कशाला? पण मैत्रिणींनो, चादर-टॉवेल वेगळे नि नवरीचा शालू वेगळा. शिवाय शालूपासून टॉवेल-टोपीपर्यंत सगळा मानपान एकाच गादीवर उरकतो. "आमच्या सासूबाईंचाही बस्ता तिथलाच," हेही कारण असतंच.

टाकळीचा पूल ओलांडला की पाट्या कानडी होतात. १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ मुंबई राज्यातच होते. पुढे १९६७ मध्ये महाजन आयोगानं सोलापूरकडचा काही भागही कर्नाटकाला द्यावा म्हटलं. सीमेचा वाद अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुकानात मात्र भाव मराठीत सांगतात, गड्याला हाक कानडीत मारतात, आणि घासाघीस दोन्ही भाषांत चालते.

खटकतं ते वेगळंच. गादीवर पुढे बसतात दोन्हीकडचे कारभारी. मग आत्याबाईंचा मान, मामींचा मान, विहीणबाईंचा रुसवा. जिचं लग्न, ती मागे भिंतीला टेकून! "तुला काय कळतंय," म्हणून तिचा रंगही दुसरंच कुणीतरी ठरवतं.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीच्या बस्त्याला गेले होते. तिनं हळूच इरकल मागितली. "अगं, ती आजीची साडी!" काकू फिस्कारल्या. दुकानातल्या म्हाताऱ्या गड्यानं काही न बोलता घडी उलगडली. लाल रेशमी टोप-पदर, आणि जिथं पदर साडीला मिळतो तिथली जोडणी बोटानं दाखवली. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचे विणकर अंगाच्या नि पदराच्या ताण्याचे धागे एकमेकांत अडकवतात, त्यामुळे ताणा एकेका साडीपुरताच लावावा लागतो. काकू वाकून बघायला लागल्या. इरकल घेतली की वो शेवटी!

तेव्हा आहेराच्या साड्या कुणीही निवडा, नवरीच्या चार साड्यांपुरतं तिला पुढे बसवा. आणि जायचं असेल तर सकाळीच निघा. लग्नसराईत दुपारनंतर गादीवर टेकायला जागा मिळत नाही.