अंगण वाकडेच होते

मामलेदार कचेरीच्या नोकरीत तीस-बत्तीस वर्षे लोकांच्या बांधांचे तंटे, वाकड्यातिकड्या हद्दी आणि एकमेकांत गुंतलेल्या वाटण्या कागदोपत्री सरळ करण्यात घालविलेल्या मनुष्यास, निवृत्तीनंतर वीतभरही उंच नसलेली एक मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर सरळ उभी करता येऊ नये, ही गोष्ट त्या मनुष्यापेक्षा त्याच्या कुटुंबियांस अधिक मनोरंजक वाटते, असा माझा अनुभव आहे. मेणबत्ती पडली नव्हती. लांबलेल्या सभेत पेंगणाऱ्या अध्यक्षाप्रमाणे ती किंचित एका अंगाला कलली होती, इतकेच. ‘टेबल वाकडे असावे,’ असा अहवाल मी सादर केला. घरच्या मंडळींनी आधी मेणबत्तीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केले. त्या शेऱ्यावर मी जे अपील चालविले, त्याची ही हकीकत आहे.

नेहमीची बारीक मेणबत्ती ही मुळातच पराधीन वस्तू. तिचे बूड काडीने वितळवून बशीत चिकटवावे, की तिच्या उभे राहण्याची जबाबदारी बशीवर जाते. खांबासारखी जाड मेणबत्ती, जिला बाजारात ‘पिलर’ म्हणतात, ती मात्र स्वतःच्याच बुडावर उभी राहते, आणि म्हणून तिच्या कर्त्याचे सगळे दोष त्या बुडापाशी उघडे पडतात. हे मला ठाऊक असते, तर मी उटण्याच्या वड्या करण्याचा उद्योग पत्करला असता.

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या गर्दीतून वाट काढीत मी मेण आणावयास गेलो, तेव्हा दुकानदाराने पहिलाच प्रश्न ‘किती डिग्रीचे?’ असा केला, आणि मेण म्हणजे मेण अशी समजूत उराशी बाळगून आलेला मी निरुत्तर झालो. मेण किती उष्णतेला वितळते, ह्यावर त्याची प्रत ठरते; खांबाला अठ्ठावन-साठ अंशांचे हवे, त्याहून मऊ घेतले तर आपल्याकडच्या वैशाखात मेणबत्ती न पेटवताच नमस्कार घालू लागते. शुभ्र, निसरड्या, फरशीसारख्या लाद्या त्याने तोलून दिल्या. मधमाशीशी ह्या मेणाचा काही संबंध नाही. 1830 साली कार्ल फॉन रायखेनबाख ह्या जर्मन रसायनज्ञाने लाकडाच्या डांबरातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला, आणि तो दुसऱ्या कोणत्याच द्रव्याशी सहसा संयोग पावत नाही असे पाहून, ‘ज्याचे नाते अल्प’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून त्यास पॅराफिन असे नाव दिले. पुढे तो खनिज तेलातून विपुल मिळू लागला. आसामात दिग्बोई येथे 1901 साली तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला, आणि तेथील तेल मेणाने समृद्ध असल्यामुळे मेण हा त्या कारखान्याचा नित्याचाच जिन्नस झाला. दुकानदाराने मेणासोबत स्टेरिक ॲसिडाच्या पांढऱ्या दाण्यांची पुडीही दिली. शंभर भाग मेणात दहा भाग हे दाणे घातले की मेणबत्ती कठीण व अपारदर्शक होते आणि साच्यातून सुटण्यास राजी होते. हे आम्ल मूळचे चरबीतले. शेव्ह्रल आणि गे-ल्युसॅक ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याच्या मेणबत्त्यांची सनद 1825 साली घेतली, आणि चरबीच्या धुरकट, दुर्गंधी दिव्यांपासून युरोपातील घरांची हळूहळू सुटका झाली.

साचा ॲल्युमिनियमचा, नळकांड्यासारखा; आतला व्यास 7 सेंटिमीटर, उंची 15. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक असते. त्यातून विणलेल्या सुताची वात ओवून, बाहेरून गाठ मारून, तावदानांना लावतात ती लांबी त्या भोकावर थापावयाची, आणि वातीचे वरचे टोक साच्याच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या सायकलच्या आऱ्याला ताणून बांधावयाचे. मेण थेट विस्तवावर कधीही ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर मेणाचे डबडे, अशी उतरंड रचून ते पाण्याच्या उष्णतेनेच वितळवावे. मेण अतिशय तापले तर पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतणे म्हणजे आग घरभर उडविणे होय. झाकण घालून तिचा श्वास कोंडणे हाच त्यावर इलाज. एवढा धडा दुकानदाराने पैसे मोजून घेण्यापूर्वीच मजकडून पाठ म्हणवून घेतला, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ऐंशी अंशांच्या आसपास मेण पाण्यासारखे स्वच्छ होते. ते साच्यात ओततानाचा क्षण विलक्षण शांत असतो. धार बारीक धरावी लागते, हात थरथरून चालत नाही, आणि साच्याच्या भिंतीला स्पर्श होताच त्या पारदर्शक द्रवाच्या कडेला दुधाळ वर्तुळ उमटू लागते. येथे नवशिक्याला वाटते की काम झाले. वस्तुतः कामाला सुरुवात येथून होते. पातळ मेण थिजताना आक्रसते, आणि ते थोडेथोडके नव्हे. माझ्या साच्यात सुमारे 577 घनसेंटिमीटर पातळ मेण मावते. त्याचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या घरात भरते, आणि तेच थिजल्यावर जेमतेम पाचशे घनसेंटिमीटरची जागा व्यापते. म्हणजे सातवा-आठवा हिस्सा नाहीसा होतो. सरकारी धान्याच्या गोदामातसुद्धा इतकी तूट दाखविण्याचे धैर्य मी कोणाच्या अंगी पाहिले नाही. बरे, ही तूट उघडपणे वर दिसावी, तर तसेही नाही. मेण बाहेरून आत थिजत येते. कडा आधी घट्ट होतात, पृष्ठभागावर साय धरते, आणि सगळी पोकळी आतल्या आत, वातीच्या भोवती, दडून बसते. माझी पहिली मेणबत्ती वरून निर्दोष दिसत होती. ती उभी कापली, तेव्हा वातीलगत मुंग्यांच्या वारुळासारखे बीळ निघाले.

ह्यावर उपाय असा की वर साय धरू लागताच दुसरा आरा घेऊन वातीच्या बाजूंना चार-पाच खोल भोके पाडावी, म्हणजे आत कोंडलेल्या पोकळीला वाट मिळते, आणि मग पहिल्यापेक्षा थोडे अधिक तापलेले मेण त्या भोकांतून भरावे. मात्र हे भरताना पहिल्या मेणाची रेषा ओलांडावयाची नाही. दुसऱ्या खेपेस मी उदारपणे ती ओलांडली, आणि आक्रसलेली मेणबत्ती व साचा ह्यांच्यामध्ये जी केसभर फट पडलेली असते, तीत मेण उतरून दोघांचा असा काही संयोग झाला, की पॅराफिनच्या अलिप्तपणाविषयी त्या जर्मन पंडिताने केलेले विधान मला तपासून पाहावेसे वाटले. साचा शीतकपाटात ठेवला, तेव्हा दही बाहेर ठेवावे लागले म्हणून बोलणी खाल्ली, आणि मेणबत्तीस आडव्या चिरा पडल्या त्या निराळ्याच. अखेर ऊन पाण्यात साचा बुडवून सगळे वितळवून टाकले. वितळलेले मेण मोरीत मात्र ओतू नये. ते नळात थिजते, आणि मग प्लंबर नावाच्या अधिकाऱ्याची मनधरणी करावी लागते.

आता सपाटीकडे वळतो. साच्यात जो भाग वर असतो, तो मेणबत्तीचे बूड होतो. म्हणजे जेथे मेण आक्रसून खळगा पडला, भोके पाडली आणि ठिगळ लावले, त्याच खडबडीत बाजूवर तिला उभे राहावयाचे असते. हे बूड सपाट करण्याची रीत फार साधी आहे. सपाट तवा मंद आचेवर कोमट करावा, ज्योत बंद करावी, मेणबत्ती त्यावर उभी धरून जात्याची पाळी फिरवावी तशी हळूहळू फिरवीत राहावे, आणि वितळलेले मेण वरचेवर डबड्यात ओतून घ्यावे. मी भाकरीचा तवा घेतला. भाकरीच्या तव्याला मधोमध किंचित खोली असते, हे साठ वर्षे भाकरी खाऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते. परिणामी मेणबत्तीचे बूड नारळाच्या करवंटीसारखे बाहेर आले आणि ती टेबलावर डुलू लागली. मग डोशाचा जाड, सपाट तवा मागून घेतला, तो परत न करण्याच्या अटीवर. मेण लागलेला तवा स्वयंपाकघरात पुन्हा रुजू करून घेण्यास मंडळी तयार नव्हत्या.

डोशाच्या तव्यावर डुलणे थांबले. कलणे थांबले नाही. खिडकीच्या चौकटीशी डोळा लावून, मेणबत्ती अगदी उभी धरून मी बूड घासले, तरी टेबलावर ती कलतेच. आणखी एक चमत्कार असा, की तिला जागच्या जागी फिरविले तर कलही तिच्याबरोबर फिरे, पण एका दिशेला तो जास्त भासे आणि उलट दिशेला जवळजवळ नाहीसा होई. दोन मेणबत्त्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, तर बुडाशी अंतर नसताना शेंड्यांत चांगले सहा मिलिमीटर भरले.

कोणी म्हणेल, दोन-तीन मिलिमीटरांसाठी एवढी यातायात कशाला? मेणबत्ती शोभेपुरती ठेवावयाची असेल, तर खरोखरच कारण नाही. परंतु ती पेटविल्यावर हिशेब बदलतो. 1860 सालच्या नाताळात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, लोहाराच्या घरी जन्मलेल्या मायकेल फॅरेडेने मुलांपुढे निव्वळ मेणबत्ती ह्या विषयावर सहा व्याख्याने देण्यास आरंभ केला, आणि त्यांत त्याने प्रथम दाखविले ते हे, की ज्योतीमुळे वर चढणारी हवा मेणबत्तीची कड चोहोबाजूंनी थंड राखते, म्हणून कड शाबूत राहून मध्ये वाटी तयार होते, आणि त्या वाटीतले पातळ मेण वात शोषून घेते. पातळ मेण वाटीत पाण्याप्रमाणेच आपली पातळी राखते. वाटी कलली, की एका बाजूस ते काठाला भिडते, तेथली भिंत पातळ करते, आणि एक दिवस भिंत फोडून टेबलक्लॉथवर उतरते. शिवाय पहिल्या खेपेस मेणबत्ती दोन-तीन तास सलग जळू देऊन ती वाटी जवळजवळ कडेपर्यंत रुंदावू द्यावी लागते. घाईने विझविली तर पुढे ज्योत स्वतःसाठी विहीर खणीत खाली जाते. तीन तासांत कललेल्या वाटीने काय करावे, ते तिने केले, आणि टेबलक्लॉथच्या डागाची नोंद माझ्या नावे झाली.

खालच्या मजल्यावर मोरीची दुरुस्ती चालू होती. तेथल्या गवंड्याकडे मी घटकाभरासाठी पाणसळ मागितली. कचेरीची माहिती कोठून त्याच्या कानी गेली होती न कळे. तो मला भाऊसाहेब म्हणे. कुतूहलाने तोच वर आला, ओट्यावर पाणसळ ठेवून बुडबुड्याकडे पाहत हसला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, ओट्याला ढाळ असतोच. नाहीतर पाणी मोरीकडं जाईल कसं? हा तर फुटाला दोन सूत दिलाय.”

वीस वर्षे ज्या ओट्यावर चहा झाला, तो उतरता आहे आणि तसा बुद्ध्या केलेला आहे, हे मला त्या दिवशी समजले. मग सगळाच उलगडा होत गेला. साचा ओट्यावर ठेवला की तो ओट्याबरोबर तिरपा. आतले मेण मात्र ओट्याची भीडभाड न ठेवता पृथ्वीशी समांतर थिजणार. म्हणजे जन्मतःच बूड तिरपे. पुढे तवा त्याच ओट्यावर, तोही तिरपा, आणि मी खिडकीच्या चौकटीकडे पाहून मेणबत्ती ओळंब्यात धरणारा. तव्याने पुन्हा तोच तिरपेपणा इमानाने कोरून दिला. फुटाला दोन सूत म्हणजे अठ्ठेचाळिसात एक. पंधरा सेंटिमीटरला तीन मिलिमीटर, आणि पाठीला पाठ लावून सहा. हिशेब पैपर्यंत जुळला.

“मग तव्याखाली पाचर मारून तो पाणसळीत आणतो,” मी म्हणालो.

“पाणसळ कशाला? गुण्या घ्या,” तो म्हणाला. “पाणसळ जमिनीचं सांगते, ओळंबा आभाळाचं. तुम्हाला बत्ती बुडाशी काटकोनात पाहिजे ना? तवा कसाही असू द्या.”

त्याने आपला लोखंडी गुण्या तव्यावर उभा धरला, मी मेणबत्तीची कड त्याला टेकवून बूड फिरवीत गेलो, दर पाव फेऱ्याला दोघांमधून उजेड दिसतो का ते पाहिले, आणि चौथ्या फेऱ्याच्या अखेरीस कोणत्याही बाजूने उजेड दिसेना. दुसरीही तशीच केली. पाठीला पाठ लावून काचेवर ठेवल्या, तर बुडापासून शेंड्यापर्यंत कागद सरकण्याइतकीही फट उरली नव्हती.

विजयाच्या भरात मी मेणबत्ती टेबलावर नेऊन ठेवली. ती कललेली होती. पूर्वीइतकी नव्हे, पण होती. आणि ह्या वेळी तिला चारी दिशांना फिरवून पाहिले, तरी कल जेथल्या तेथे, खिडकीच्या अंगाला, कायम राहिला. घरच्या मंडळी दाराशी उभ्या राहून हे पाहत होत्या. गवंड्याने काही न बोलता टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा भिंतीकडे जाऊन बसला.

“टेबलाच्या खिडकीकडच्या पायांखाली काहीतरी घाला, भाऊसाहेब,” एवढे सांगून तो गुण्या आणि पाणसळ घेऊन खाली गेला. मी शेऱ्याच्या फेरविचाराचा अर्ज तोंडी केला. मंडळींनी ‘बघू’ म्हटले आणि दोन जुनी पोस्टकार्डे घडी घालून माझ्या हाती दिली. ती मी त्या दोन पायांखाली एकेक सारली आहेत. आणखी लागतील की काय, हे गवंडी मोरीचे काम संपवून पुन्हा वर आला म्हणजे पाहावयाचे आहे.