सायकल, पालकाची भाजी आणि कर्करोग

दरवर्षी ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या शनिवारी-रविवारी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सहा हजारांहून अधिक माणसे सायकलवर टांग मारतात. दोन दिवसांच्या मूळ मार्गाची लांबी सुमारे ३०० किलोमीटर. वाचकहो, म्हणजे आदिलाबादहून निघावे, निर्मळचा घाट उतरावा, सोनजवळ गोदावरी ओलांडावी आणि आर्मूर, कामारेड्डी करीत हैदराबाद गाठावे, इतके हे अंतर झाले. ही शर्यत नव्हे. पहिल्या नंबराला ढाल नाही की शेवटच्याला हसणे नाही. कर्करोगावरील संशोधनासाठी पैसा उभा करणे एवढाच हेतू. या फेरीचे नाव ‘पॅन-मास चॅलेंज’.

तिची सुरुवात साधी होती. बिली स्टार नावाच्या तरुणाची आई १९७४ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने वारली. त्याने १९८० साली छत्तीस मित्रमंडळी जमवली आणि स्प्रिंगफील्ड गावाहून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकली हाणल्या. त्या वर्षी जमले १०,२०० डॉलर. २०२४ साली याच फेरीने साडेसात कोटी डॉलर दिले, आणि आजवरची एकूण रक्कम शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

कोणी विचारील, पैसेच द्यायचे तर ते पाकिटात घालून पाठवावेत. त्यासाठी दोन दिवस घाम गाळण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. पण येथे स्वार स्वतःचेच पैसे देऊन मोकळा होत नाही. काही हजार डॉलर गोळा करण्याचे तो आधीच कबूल करतो आणि मग शेजारी, नातेवाईक, कचेरीतले सोबती यांच्या दारी जातो. रक्कम कमी पडली तर तूट त्याच्या स्वतःच्या खिशातून कापली जाते. लोक देतात, कारण मागणारा स्वतः अंग मोडून घेणार आहे हे त्यांना दिसते. आणि स्वाराने जमवलेला प्रत्येक डॉलर संशोधनाला व उपचारालाच जातो. व्यवस्थेचा खर्च प्रवेश फी आणि व्यापारी मंडळींच्या देणग्यांतून भागवतात. मला सायकलीपेक्षा हा हिशेब अधिक आवडला. आपल्याकडे वर्गणीचे काय होते ते सांगायला नको. निम्मी मांडवातच संपते!

सायकलवर इतके अंतर कापणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असेही समजू नये. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या जोडीने पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. ही असामान्य माणसे खरी. परंतु दूध घालायला किंवा शेतावर जायला रोज सायकल हाकणारा तरुण थोड्या तयारीने दिवसाला शंभर किलोमीटर नक्की जाऊ शकतो. अंतर आठवड्याआठवड्याने वाढवावे. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, इतकी सीट उंच हवी. आपल्याकडे ती खालीच ठेवायची रीत आहे आणि गुडघे दुखू लागले की दोष वयाला! पाणी तहान लागण्याआधीच घोट-घोट प्यावे, त्यात मीठ, लिंबू, गूळ घालावा. तासातासाला केळे किंवा गूळ-शेंगदाणे खावेत. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. रात्री मोठ्या रस्त्यावर जाऊच नये, ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही.

आता हा पैसा जातो कोठे? बॉस्टन शहरातील डाना-फार्बर या कर्करोग संस्थेकडे, तेथील ‘जिमी फंड’ नावाच्या निधीत. हा जिमी म्हणजे एका बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा. घर उत्तरेकडे मेन राज्यात, दवाखाना शेकडो मैल दूर बॉस्टनमध्ये. त्याचे खरे नाव आयनार गुस्ताफसन. ते गुप्त राहावे म्हणून डॉक्टरांनी त्याला जिमी म्हटले. १९४८ च्या मे महिन्यात त्याच्या खाटेजवळून रेडिओवर कार्यक्रम झाला. बेसबॉलचे नामांकित खेळाडू त्याला भेटायला आले, आणि खेळ पाहायला त्याला टेलिव्हिजन हवा आहे हे ऐकून लोकांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठवले. पुढे तो गेला असेल असेच सगळे धरून चालले. पन्नास वर्षांनी, १९९८ साली, तो जिवंत असल्याचे जगाला कळले. मोठा होऊन तो ट्रक चालवीत होता!

त्याचे डॉक्टर सिडनी फार्बर. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. त्यावर पहिले चालणारे औषध फार्बर यांनी वापरले. या औषधाची कुळकथा मात्र आपल्या मुलखातून जाते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बाया फिकट पडत, धापा टाकत आणि पुष्कळदा बाळंतपणात दगावत. त्याचे कारण तिला शोधायचे होते. या बायांच्या पोटात पुरेसे अन्नच जात नाही हे तिने दाखवले, आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालक कुटून त्यातून तो पदार्थ चिमूटभर काढला गेला, आणि त्याचे नाव पडले फोलिक आम्ल. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान. आज आपल्या उपकेंद्रात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात हेच असते. आपल्या बांधावरची अंबाडी, चवळी, मेथी, हरभऱ्याचा पाला यांतही ते भरपूर आहे; मात्र भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले की तेही वाया जाते.

मग आले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हा तेलुगु तरुण मद्रासला डॉक्टर झाला. त्याचा भाऊ संग्रहणीने वारला होता, आणि त्या रोगावर उपाय शोधायचा हे त्याने मनाशी धरले होते. १९२० च्या दशकात तो अमेरिकेत गेला, हार्वर्ड विद्यापीठात शिकला आणि १९४० पासून लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तेथे त्याच्या हाताखालील शास्त्रज्ञांनी फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. संग्रहणीतल्या रक्तक्षयाला ते लागूही पडले.

इकडे फार्बर यांना एक विपरीत गोष्ट दिसली. रक्ताच्या कर्करोगात फोलिक आम्लाच्या जातीचा पदार्थ दिला की रोग वाढतोच. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. युरिया टाकला की पऱ्हाटीबरोबर तणही फोफावते. तेव्हा या पेशींना खरे फोलिक आम्ल न देता त्यासारखे दिसणारे पण पोषण न करणारे बनावट द्यावे, म्हणजे त्या फसतील आणि उपाशी मरतील, अशी युक्ती निघाली. ते बनावट औषध सुब्बारावांच्या चमूने करून दिले. १९४८ च्या जून महिन्यात फार्बर यांनी सोळा मुलांची हकिकत छापली; त्यांपैकी दहांना उतार पडला होता. हा उतार टिकला नाही, मुले पुन्हा आजारी पडली. पण दार किलकिले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. श्रीमंत देशांत रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारातली दहांपैकी नऊ मुले आता जगतात.

संशोधन म्हटले की नुसती काचेची नळी डोळ्यांपुढे येते. तसेही नाही. आपल्या मराठवाड्यातल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया एका अभ्यासात होत्या. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात सामील होते. गर्भाशयाच्या मुखाची एकदाच, एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी केली, तर आठ वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ साली त्यातून निघाले. तुलनेसाठी काही गावांतल्या बायांची तपासणी केली नव्हती, त्यावर टीका झाली आणि ती मला योग्य वाटते. पण जगभर आज एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरतात त्यामागे या शेतकरी बायांचाही वाटा आहे. आपल्या घरातल्या किती जणींची ही तपासणी झाली आहे?

तोंडाचा कर्करोग तर आपण खिशात घेऊन फिरतो. खर्रा, तंबाखू-चुना, विडी यांसाठी कोणाच्या संशोधनाची वाट पाहायला नको. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

आणि मुलांचे काय? औषध आहे, योजनाही आहे. तेलंगणात कर्करोगाचे उपचार आरोग्यश्रीत मोडतात, सरकारी एम. एन. जे. रुग्णालय हैदराबादेत आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. तरीही आपल्या देशात पुष्कळ घरचे लोक मुलाचा उपचार मध्येच सोडतात. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो. महिन्याभरात पोर खेळू लागते, इकडे पेरणी आलेली असते, गाडीभाड्याला आणि शहरात राहायला पैसे नसतात. बाप म्हणतो, आता बरा दिसतोय, राहू द्या. आणि रोग परत येतो, तो पहिल्यापेक्षा हट्टी होऊन.

म्हणून मला वाटते, आपल्या तरुणांनी फेरी काढायचीच असेल तर या भाड्यासाठी काढावी. आदिलाबाद ते नागपूर सुमारे २०० किलोमीटर, दोन दिवसांचे काम. डिसेंबर-जानेवारीत काढावी, पण थंडी कडक असते म्हणून ऊन पडल्यावर निघावे. प्रत्येकाने आपल्या गावातून किती आणायचे ते आधी ठरवावे, आणि हिशेब फलकावर लावावा.

तोवर एवढे ध्यानात असू द्या. रेल्वेत कर्करुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला उपचारासाठी जाता-येता तिकिटात मोठी सवलत मिळते. नंदिग्राम एक्सप्रेसने आदिलाबादहून मुंबईला जाणाऱ्यांनाही ती लागू आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. पहिल्याच खेपेला तो डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावा.