एन्क्वायररच्या मागे कोण जाणार?

२२ जुलै २००८. पहाटेचे दोन वाजून चाळीस मिनिटं. बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात एक गृहस्थ कुणाच्या नजरेस न पडता निघून जायच्या बेतात होते, तोच बातमीदार आडवे आले. गृहस्थ पळाले, तळघरातल्या स्वच्छतागृहात शिरले आणि आतून दार रेटून धरलं. शेवटी हॉटेलच्या सुरक्षारक्षकानं त्यांची सुटका केली.

गृहस्थांचं नाव जॉन एडवर्ड्स. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. २००८च्या जानेवारीत, पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत, आयोवात तर त्यांनी हिलरी क्लिंटन यांना निसटतं का होईना, मागे टाकलं होतं. बातमीदार होते ‘नॅशनल एन्क्वायरर’चे. सुपरमार्केटच्या गल्ल्याजवळ मिळणारं, बातमीसाठी चक्क पैसे मोजणारं हे साप्ताहिक. एडवर्ड्स यांच्या एका बाईशी असलेल्या विवाहबाह्य संबंधांची बातमी त्यानं ऑक्टोबर २००७ मध्येच दिली होती आणि डिसेंबरात ती बाई गरोदर असल्याचंही छापलं होतं. एडवर्ड्स यांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या एका सहकाऱ्यानं तर मूल माझं आहे असं सांगून टाकलं. बड्या वृत्तपत्रांच्या संपादकांनी ते मानून घेतलं. पुढे दोन आठवड्यांत आयोवात मतदान झालं.

हॉटेलच्या प्रकारानंतरही बड्या वृत्तपत्रांनी बहुतेक मिठाची गुळणी धरली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये तर ब्लॉग लिहिणाऱ्यांना या विषयाला हात लावू नका, असा निरोप गेला. ८ ऑगस्टला एडवर्ड्स यांनी एबीसी वाहिनीवर संबंधांची कबुली दिली, तेव्हा कुठे सगळ्यांना कंठ फुटला.

आता त्याच वर्षाची २१ फेब्रुवारीची गोष्ट. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर अध्यक्षपदाच्या शर्यतीतले रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि एक लॉबिस्ट बाई यांच्याबद्दल मोठी बातमी लावली. आधार काय, तर मॅकेन यांच्या जुन्या सहकाऱ्यांना, नाव न छापण्याच्या अटीवर बोलणाऱ्यांना, आठ वर्षांपूर्वी या जवळिकीची काळजी वाटली होती! दोघांनीही संबंध साफ नाकारले होते. बाई कोर्टात गेल्या. २००९ मध्ये तडजोड झाली आणि प्रेमसंबंध होते असं आम्ही म्हटलंच नव्हतं, असा खुलासा पेपरनं छापला. वाचकांनी मात्र फेब्रुवारीत नेमकं तेच वाचलं होतं.

रिपब्लिकनांनी अर्थातच ‘डावे पत्रकार’ म्हणून बोटं मोडली. मला हे निम्मंच पटतं. याच ‘टाइम्स’नं महिन्याभरापूर्वी रिपब्लिकन इच्छुकांमधून मॅकेन यांचीच शिफारस केली होती. पक्षाइतकीच इथे जातपात नडली, वृत्तपत्रांची. मॅकेन यांची बातमी घरची होती, आपल्या बातमीदारांनी महिनोन् महिने खपून आणलेली. एडवर्ड्स यांची एन्क्वायररची. तिचा माग काढायचा म्हणजे गल्ल्यावरच्या पेपराच्या मागून चालायचं! शिवाय एडवर्ड्स यांच्या पत्नी एलिझाबेथ यांचा कर्करोग उलटला होता, त्यामुळे घराविषयी सहानुभूती होती. सहानुभूतीत गैर काही नाही, पण तिच्यापायी फोन करायचं राहून गेलं. बातमी लगेच छापा असं कोण म्हणत होतं? नीट चौकशी तर करायची.

वाचकांची बाजू मांडण्यासाठी ‘टाइम्स’नंच नेमलेले क्लार्क हॉइट यांनी दोन्ही वेळा आपल्याच पेपरचे कान उपटले. पुरावा नसताना मॅकेन यांच्या प्रेमसंबंधांकडे बोट दाखवायला नको होतं, हे फेब्रुवारीत. एडवर्ड्स यांच्या बातमीमागे लागायला हवं होतं, हे ऑगस्टमध्ये.

मूल आपलंच असल्याचं एडवर्ड्स यांनी जानेवारी २०१० मध्ये कबूल केलं. त्याच वर्षी एन्क्वायररनं या बातम्या पुलित्झरसाठी पाठवल्या. मंडळानं बरीच कुरकुर करून प्रवेशिका दाखल करून घेतली. पारितोषिक दुसऱ्यांना मिळालं.