आऊटसोर्सिंग आणि भारताची परदेशातील प्रतिमा : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

माहिती तंत्रज्ञानावर आधारित सेवांचे आऊटसोर्सिंग सुरू झाल्यापासून परदेशातील सर्वसामान्य ग्राहकाचा भारतीय माणसाशी प्रत्यक्ष संबंध येऊ लागला. या संबंधातून भारताची एक नवी प्रतिमा तयार झाली. ही प्रतिमा कोणत्या मार्गांनी घडते, ती अपुरी का राहते आणि तिचा परिणाम ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील पदवीधरांवर कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. परदेशी ग्राहकाच्या नजरेत शहापूर व मुरबाड तालुक्यांना स्थान नाही. मात्र त्या नजरेने ठरविलेला मापदंड येथील विद्यार्थ्यांना लागू होतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आऊटसोर्सिंग, देशाची प्रतिमा, कॉल सेंटर, रोजगारक्षमता, ग्रामीण ठाणे जिल्हा

१. प्रस्तावना

विकसनशील देशाविषयी परदेशात असलेले मत पूर्वी प्रामुख्याने प्रवासवर्णने, वृत्तपत्रांतील बातम्या आणि स्थलांतरितांशी येणारा संबंध यांतून घडत असे. दुष्काळ, दारिद्र्य, गारुडी आणि राजेमहाराजे ही भारताची चित्रे याच मार्गांनी पसरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत टेलिफोनची भर पडली. न्यूयॉर्कमधील ग्राहकाने बँकेला किंवा विमान कंपनीला दूरध्वनी केला, की पलीकडून भारतीय तरुण उत्तर देऊ लागला. भारतात कधीही न आलेल्या लक्षावधी लोकांचा भारताशी आलेला हा पहिला प्रत्यक्ष संबंध होता.

एखाद्या संस्थेने स्वतःचे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेणे म्हणजे आऊटसोर्सिंग अथवा बाह्यस्रोतीकरण होय. हे काम परदेशात गेले, की त्याला आर्थिक अर्थाबरोबर सांस्कृतिक आणि राजकीय अर्थही प्राप्त होतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचा विचार अभिप्रेत आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

या व्यवसायाची मुळे मुंबई परिसरात खोलवर गेलेली आहेत. अंधेरी येथील सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये स्थापन झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीसाठी संगणकीय कामे हाती घेतली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत आपला सेवा विभाग सुरू केला व त्यातूनच पुढे डब्ल्यूएनएस ही कंपनी उभी राहिली. दूरसंचाराचा घटलेला खर्च, इंग्रजी जाणणारा पदवीधर वर्ग, वेतनातील मोठी तफावत आणि घड्याळातील अंतर ही या वाढीची प्रमुख कारणे होत. हा व्यवसाय पुढे मालाड, पुणे आणि ठाणे-बेलापूर मार्गावरील ऐरोली येथे विस्तारला.

३. प्रतिमा घडण्याचे मार्ग

अ) आवाज : कॉल सेंटरमधील संभाषणात ग्राहकाला समोरची व्यक्ती दिसत नाही, तिचे उच्चार मात्र ऐकू येतात. ग्राहक बहुधा तक्रार घेऊनच दूरध्वनी करतो. त्यामुळे भारताशी येणारा त्याचा संबंध अनेकदा रागाच्या क्षणी येतो आणि मूळ दोष कंपनीच्या नियमांचा असला, तरी तो उच्चारांच्या खात्यावर मांडला जातो. हे टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांना पाश्चात्त्य टोपणनावे देण्याची आणि उच्चारांतील प्रादेशिक छटा पुसून टाकण्याचे प्रशिक्षण देण्याची प्रथा रूढ झाली. किरण मीरचंदानी यांचा ‘फोन क्लोन्स’ (२०१२) आणि ए. अनीश यांचा ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’ (२०१५) हे अभ्यासग्रंथ याच श्रमप्रक्रियेचे विश्लेषण करतात. या व्यवस्थेतील विसंगती उघड आहे. ग्राहकाचा भारतीयाशी संबंध येतो; परंतु तो भारतीय आहे हे जाणवू नये, यासाठीच त्या भारतीयाला वेतन मिळते.

आ) राजकारण : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शासकीय मदत घेणाऱ्या गरीब कुटुंबांच्या दूरध्वनींना मुंबईतून उत्तरे दिली जात असल्याचे २००२ मध्ये उघड झाले. राज्याची कामे परदेशी पाठविण्यास मनाई करणारे विधेयक त्यानंतर तेथील विधिमंडळात मांडले गेले. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांनी रोजगार परदेशी नेणाऱ्या कंपनीप्रमुखांना ‘बेनेडिक्ट अर्नॉल्ड’ म्हटले. अमेरिकी इतिहासातील हे नाव फितुरीचे प्रतीक आहे. मराठी वाचकाला सूर्याजी पिसाळाची आठवण व्हावी, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी अमेरिकी अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनक्यू यांनी आऊटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जगदीश भगवती, अरविंद पानगढिया आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी २००४ मध्येच लिहिलेल्या शोधनिबंधात या वादातील वैचारिक गोंधळ दाखवून दिला. तथापि लोकमतावर अर्थशास्त्रीय युक्तिवादापेक्षा गमावलेल्या नोकरीचा प्रभाव अधिक पडतो. दयेचा विषय असलेला भारत येथे प्रथमच स्पर्धक म्हणून, आणि काहींच्या लेखी नोकऱ्या पळविणारा म्हणून, पुढे आला.

इ) ग्रंथ व चित्रपट : थॉमस फ्रीडमन यांच्या ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ (२००५) या ग्रंथाने बंगळूरची प्रतिमा जगभर नेली. ‘आऊटसोर्स्ड’ (२००६) या चित्रपटात स्वतःचीच जागा घेणाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी एक अमेरिकी व्यवस्थापक भारतात येतो. तेथील कॉल सेंटरच्या गावाचे नाव घारापुरी आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ (२००८) मधील नायक तर कॉल सेंटरमध्ये चहा देणारा मुलगा आहे. झोपडपट्टी आणि कॉल सेंटर या दोन्ही प्रतिमा त्याच्या रूपाने एकत्र आल्या. त्यांच्या मधला भारत मात्र पडद्यावर आला नाही.

ई) व्यावसायिक निर्देशांक : गुंतवणूकदाराची दृष्टी आकड्यांतून व्यक्त होते. ए. टी. कर्नी या सल्लागार संस्थेच्या जागतिक सेवास्थान निर्देशांकात भारत २००४ पासून सातत्याने अग्रस्थानी राहिला. खर्च, मनुष्यबळाचे कौशल्य व उपलब्धता आणि व्यवसायाचे वातावरण हे त्याचे मूळ निकष होत. या दृष्टीने देश म्हणजे स्वस्त व कुशल मनुष्यबळाचा साठा. त्यात गाव, भाषा आणि सामाजिक स्थान यांची नोंद करण्याचे कारणच उरत नाही.

४. एकाच जिल्ह्याचे तीन चेहरे

अंश हाच पूर्ण समजला जाणे, हा प्रतिमेचा स्वभाव आहे. याचे उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्यातच सापडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी ठाणे तालुक्यातील ऐरोलीची काचेची संकुले हा पहिला चेहरा होय. तो परदेशी कंपन्यांच्या अहवालांत दिसतो.

दुसरा चेहरा मीरा रोडचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अमेरिकी प्राप्तिकर अधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेचा धाक घालून अमेरिकी नागरिकांकडून पैसे उकळले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकी न्याय विभागाने अशा फसवणुकीच्या स्वतंत्र प्रकरणात ५६ व्यक्ती आणि भारतातील ५ कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. त्या प्रकरणी २०१८ मध्ये २१ जणांना शिक्षा झाल्या. प्रामाणिक कर्मचाऱ्याला शिकविलेले उच्चार, टोपणनाव आणि संभाषणाची संहिता ही तिन्ही साधने येथे गुन्ह्यासाठी वापरली गेली. परिणामी भारतातून आलेला प्रत्येक दूरध्वनी संशयास्पद ठरू लागला आणि त्याची किंमत प्रामाणिक कर्मचाऱ्यांना मोजावी लागली.

तिसरा चेहरा शहापूर आणि मुरबाडचा. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. जागतिक व्यापाराशी या तालुक्यांचा संबंध नाही, असे मात्र नव्हे. वासिंद येथे पोलादी पत्र्यावर प्रक्रिया होते. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात टेक्नोक्राफ्टच्या कारखान्यात लोखंडी पिंपांची बुचे तयार होऊन परदेशी जातात. परंतु पिंपाचे बूच बोलत नाही. ते वापरणाऱ्या परदेशी कारखानदाराच्या मनात मुरबाडची कोणतीही प्रतिमा उमटत नाही. वस्तूच्या निर्यातीत श्रमिक अदृश्य राहतो, तर सेवेच्या निर्यातीत त्याचा आवाज पोहोचतो. म्हणूनच देशाची प्रतिमा घडविण्याचे सामर्थ्य सेवाक्षेत्राला मिळाले आणि ज्यांचा आवाज पोहोचत नाही ते तिच्याबाहेर राहिले.

५. परकीय मापदंड आणि तालुक्याचा पदवीधर

प्रतिमा परदेशात घडली, तरी तिचा परिणाम परत येथेच येतो. २००५ च्या नॅसकॉम-मॅकिन्से अहवालानुसार परदेशी आऊटसोर्सिंगच्या कामासाठी तांत्रिक पदवीधरांपैकी सुमारे २५ टक्के आणि सर्वसाधारण पदवीधरांपैकी केवळ १० ते १५ टक्के उमेदवार योग्य होते. या आकड्यांचा पुढे भारतातील बहुसंख्य पदवीधर ‘रोजगारक्षम नाहीत’ असा सरसकट अर्थ लावला गेला. वस्तुतः अहवालाने विशिष्ट कामासाठीची योग्यता मोजली होती. परदेशी ग्राहकाच्या कानाला रुचणे ही त्या कामाची एक अट होती. ज्ञान किंवा बुद्धिमत्ता यांची ती मोजणी नव्हती. तरीही कला व वाणिज्य शाखेच्या तालुका पातळीवरील महाविद्यालयांवर कमीपणाचा शिक्का बसला.

शहापूर व मुरबाडच्या विद्यार्थ्यापुढे तीन अडथळे उभे राहतात. पहिला भाषेचा. मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरी ठाकरी, कातकरी किंवा आगरी बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा असते. दुसरा वेळेचा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात ऋतुमानाप्रमाणे सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. पाळी संपते ती पहाटे. तिसरा अंतराचा. शहापूरसाठी आसनगाव हे रेल्वेस्थानक असले, तरी मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते. मुरबाडला रेल्वेच नाही. तेथील विद्यार्थ्याला प्रथम कल्याण गाठावे लागते. विद्यार्थिनींच्या बाबतीत हा अडथळा अधिक कठीण होतो. नोकरी हवी असल्यास कल्याण किंवा ठाण्यात खोली घेऊन राहणे भाग पडते आणि वेतनाचा मोठा भाग भाड्यात जातो. मुलाखतीत नाकारल्या गेलेल्या उमेदवाराला मात्र यांपैकी फक्त भाषेचेच कारण सांगितले जाते.

६. पर्यायी प्रयत्न आणि बदलते चित्र

काम शहराकडून गावाकडे नेण्याचे प्रयत्नही झाले. राजस्थानातील बगड आणि कर्नाटकातील बागेपल्ली येथे ग्रामीण बीपीओ केंद्रे उभी राहिली. त्यांच्या कामाचा भर मुख्यत्वे कागदपत्रे व माहितीच्या प्रक्रियेवर होता. केंद्र शासनाच्या बीपीओ प्रोत्साहन योजनेत ४८,३०० आसनांचे उद्दिष्ट ठेवून प्रत्येक आसनामागे १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ करण्यात आले. ही योजना मुंबई-पुण्यासारखी महानगरे वगळून लहान शहरांसाठी आखलेली होती. आवाजाची अट नसलेल्या कामात ग्रामीण तरुण टिकू शकतो, हे या प्रयत्नांनी दाखवून दिले.

दरम्यान, २०१० च्या सुमारास आवाजावर आधारित सेवांत फिलिपिन्सने भारताला मागे टाकले. परदेशी कंपन्यांनी भारतात स्वतःची केंद्रे उभारली. २०२४ पर्यंत त्यांची संख्या १,७०० च्या वर गेली होती. त्यांत वित्तीय विश्लेषण व अभियांत्रिकी यांसारखी वरच्या दर्जाची कामे होतात. राजकीय प्रतिक्रिया मात्र शमलेली नाही. परदेशी आऊटसोर्सिंगच्या देयकांवर २५ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये मांडला गेला.

सर्वांत लक्षणीय बदल उच्चारांच्या बाबतीत घडला आहे. भारतीय कर्मचाऱ्याचे उच्चार संभाषण चालू असतानाच बदलणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली वापरात येत असल्याचे २०२५ मध्ये एका मोठ्या बहुराष्ट्रीय कॉल सेंटर कंपनीने जाहीर केले. ज्या कसोटीवर तालुक्यातील पदवीधर दोन दशके अपात्र ठरत होता, ती कसोटी आता एक यंत्र पार करू लागले आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) आऊटसोर्सिंगमुळे भारताची परदेशातील प्रतिमा दारिद्र्याच्या एकांगी चित्रातून बाहेर पडली. परंतु तिच्या जागी आलेले चित्रही व्यवहारापुरतेच आणि महानगरापुरतेच मर्यादित आहे.

(२) ही प्रतिमा अस्थिर आहे. परदेशातील एक निवडणूक किंवा येथील एक फसवणूक ती बदलू शकते.

(३) परदेशी ग्राहकाची अपेक्षा आणि विद्यार्थ्याची गुणवत्ता या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्याने ग्रामीण महाविद्यालयांवर अन्याय झाला.

(४) उच्चार हे सर्वांत लवकर कालबाह्य होणारे कौशल्य ठरले. इंग्रजीतील मजकूर समजून घेणे, मराठीत व इंग्रजीत नेमके लिहिणे, माहितीची पडताळणी करणे आणि हिशेब मांडणे ही कौशल्ये अधिक टिकाऊ आहेत. महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासपूरक वर्गांत त्यांना अग्रक्रम द्यावा. तसेच बनावट कॉल सेंटरच्या नोकऱ्यांची लक्षणे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावीत; कारण असा गुन्हा उघडकीस येतो तेव्हा दूरध्वनीवर बसलेला तरुणच प्रथम पोलिसांच्या हाती लागतो.

परदेशी ग्राहकाला शहापूर व मुरबाड ही नावे कदाचित कधीही कळणार नाहीत. त्याच्या अपेक्षेवरून येथील विद्यार्थ्याचे मोल ठरू न देणे मात्र त्या विद्यार्थ्याला शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती आहे.