दुखणं सांध्याचं, खापर दाढेवर

डावी दाढ दुखते म्हणून पेशंट खुर्चीत बसतो. दाढ ठोकून पाहिली, गार पाणी लावलं, एक्स-रे काढला; दाढ ठणठणीत. त्याआधी तो कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलेला असतो आणि कानातही काही सापडलेलं नसतं. दाढ आणि कान दोन्ही निर्दोष निघाले, की त्यांच्या शेजारच्या सांध्याकडे वळायला हवं. बऱ्याचदा तिथवर कोणी पोचतच नाही.

हा सांधा नेमका कुठे?

कानाच्या भोकापुढच्या छोट्या पाळीच्या जरा पुढे बोट टेकवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. हे टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि तोंड आणखी उघडलं की पुढे सरकतं. टोक आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये एक चिवट चकती असते, तीही त्याच्याबरोबर पुढे-मागे होते.

चकती पुढे घसरलेली असेल तर तोंड उघडताना टोक पुन्हा तिच्याखाली येतं आणि ‘कट्’ असा आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर उपचारांची गरज नाही. उलट, रोज वाजणारा जबडा एखाद्या सकाळी अचानक गप्प झाला आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडू लागलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नव्हे. चकती पुढेच अडकून बसलेली असते.

तरीही बहुसंख्य पेशंटचं दुखणं चकतीचं नसतंच. ते गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचं असतं. झोपेत दात खाण्याची किंवा दिवसा कामाच्या तंद्रीत दात आवळून धरण्याची सवय त्यात भर घालते.

निदान बोटांनी आणि स्केलने

कधी दुखतं, हा पहिला प्रश्न. सकाळी उठल्याउठल्या जबडा जड वाटत असेल तर रात्रीच्या दात खाण्याचा संशय येतो. मग डॉक्टर सांधा आणि स्नायू दाबून बघतात. दाबल्यावर दुखलं एवढं पुरत नाही. ‘तुम्ही सांगता ते हेच दुखणं का?’ याला ‘हो’ हे उत्तर लागतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत याच प्रश्नावर भर आहे. झोप, चिंता आणि नैराश्य यांची चौकशीही त्यातच येते, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं तर नवल वाटू देऊ नका.

वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर स्केलने मोजतात. मोठ्या माणसात ते साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त असतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील एवढं. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला गेली तर बहुधा त्याच बाजूचा सांधा अडलेला असतो. ओपीजी एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो. पण सरसकट प्रत्येकाला एमआरआय सांगणं म्हणजे उगाच खर्चात पाडणं.

तोंड उघडत नाही, पण सांधा निर्दोष

आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा. खर्रा, मावा, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, तिखटाने तोंडाची आग होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. याला मुख्यतः सुपारी कारणीभूत असते, त्यामुळे ‘मी फक्त साधी सुपारी खातो’ हा बचाव टिकत नाही. अक्कलदाढेच्या सुजेनेही तोंड उघडेनासं होतं. लहान मूल हनुवटीवर पडलं आणि नंतर तोंड उघडणं कमी होत गेलं, तर थांबू नये. सांधा हाडाने जुळून जाण्याचा धोका असतो.

पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकतो आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्या.

उपचार साधेच

काही आठवडे मऊ खाणं: खिचडी, मऊ भात, डाळीत भिजवलेली पोळी. ऊस, चिक्की, भाजलेलं कणीस बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. ओला गरम शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या आणि जबड्याचे हलके व्यायाम. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना आणि गिळताना सोडले तर दातांना एकमेकांना टेकायचं काही काम नसतं. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो.

रात्री घालायचा कडक अॅक्रिलिकचा स्प्लिंट दातांची झीज वाचवतो आणि काहींचं दुखणंही कमी करतो. तो सांधा ‘बसवतो’ असं कोणी म्हणालं तर ते खरं मानू नये. अडकलेला सांधा यातून सुटला नाही तर सुईने सलाइन सोडून आतून धुता येतो. मोठी शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

चावा सुधारण्याचा मोह

1934 मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी या दुखण्याचा दोष पडलेल्या दाढांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर ठेवला. पुढे कित्येक दशकं चावा जुळवण्यासाठी चांगले दात घासून कमी केले गेले. 1980 च्या दशकात टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. त्यांचे कण सुटून आजूबाजूचं हाड झिजलं आणि अखेर त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. चावा हे या दुखण्याचं मुख्य कारण असल्याचं आज मानलं जात नाही.

म्हणून केवळ जबडा दुखतो या कारणासाठी कोणी दात घासून कमी करायला, सगळ्या दाढांना कॅप बसवायला किंवा तारा लावायला सांगितलं, तर लगेच होकार देऊ नका. आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.